न विचारता भलं कसं करावं?

समजा, तुम्ही ऑस्ट्रेलियाच्या राजधानीत, कॅनबेरात, मोठे साहेब आहात आणि दोन-तीन हजार किलोमीटरवरच्या आदिवासी वस्त्यांचं भलं करायची तुम्हाला अनावर हुक्की आली आहे. उत्तम. फक्त एक पथ्य पाळा. तिथल्या कुणाला काही विचारू नका. विचारलं की लोक सांगायला लागतात, आणि मग ते ऐकावं लागतं.

2007 चा कित्ता गिरवा. देशाच्या उत्तरेकडच्या नॉर्दर्न टेरिटरी या प्रांतातल्या आदिवासी मुलांच्या लैंगिक शोषणावर एक अहवाल आला. शिफारशी 97, आणि पहिलीतच म्हटलेलं की जे कराल ते या समाजांशी मनापासून सल्लामसलत करून करा. अहवाल 15 जूनला जाहीर झाला. 21 जूनला पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी थेट कारवाईच घोषित केली, दिमतीला लष्कर. ऑगस्टमध्ये शेकडो पानांची विधेयकं मांडली आणि त्याच दिवशी कनिष्ठ सभागृहात मंजूरही झाली. वंशभेदविरोधी कायदा आड येत होता, तो तेवढ्यापुरता खुंटीला टांगला. सल्लामसलतीत किती वेळ गेला असता, बघा!

मग वस्तीच्या तोंडाशी मोठ्ठा निळा बोर्ड ठोका: इथे दारू आणि अश्लील साहित्याला बंदी. येणाऱ्या पाहुण्याला गावकऱ्यांची पहिली ओळख हीच झाली पाहिजे. यातल्या कित्येक वस्त्यांनी फार आधीच आपणहून दारूबंदी केली होती, पण ती त्यांनी केलेली. तिचं श्रेय आपल्याला कसं मिळणार?

पैशांचंही असंच. सरकारी भत्त्यातला निम्मा भाग अडवून ठेवा, पुढे त्यासाठी बेसिक्स कार्ड द्या, ते मंजूर दुकानांतच चालू द्या. दारुड्याला आणि जन्मात थेंब न घेतलेल्या पेन्शनर आजीला एकच माप. समता म्हणतात ती हीच.

घरांचा विषय निघाला तर रक्कम जाहीर करा. 2008 मध्ये 67.2 कोटी डॉलर जाहीर झाले होते, 750 नव्या घरांसाठी आणि जुन्यांच्या दुरुस्तीसाठी. वर्ष उलटून गेलं तरी एकही नवं घर उभं नव्हतं. पण आराखडे बघाल तर देखणे.

आता खरा धोका सांगतो. कधीकधी लोक स्वतःच काहीतरी करायला लागतात. क्वीन्सलँडच्या केप यॉर्कमध्ये नोएल पिअर्सन नावाचा तिथलाच माणूस वर्षानुवर्षं म्हणत होता की फुकटच्या भत्त्यानं आमची माणसं पोखरली, जबाबदारी आमच्या हातात द्या. 2008 पासून ऑरुकुन, होप व्हेल, कोएन, मॉसमन गॉर्ज इथं एक आयोग बसू लागला. निवृत्त न्यायाधीश, आणि शेजारी गावातलीच वडीलधारी माणसं. पोर शाळा बुडवायला लागलं की घरच्यांना बोलावणं. समोर बसलेल्या बाईला त्या पोराची आजी माहीत, घरात सुतक आहे की भांडण हेही माहीत. आधी बोलणं, मग समुपदेशन किंवा व्यसनमुक्ती, आणि कशानंच भागलं नाही तर भत्त्याला चाप. चाप तो चापच, आणि त्यावर तिथंही एकमत नाही. मलाही तो गोड वाटत नाही. पण तो कुणाच्या हातात आहे, यानं फरक पडतो.

तुम्ही अर्थातच हे उलटं करा. 2016 मध्ये साउथ ऑस्ट्रेलियातल्या सेडूनात केलं तसं: कार्ड आधी, सरसकट, भत्त्याचे 80 टक्के त्यावरच. पोर रोज शाळेत जात असलं तरी. सहा वर्षांनी दुसरं सरकार ते रद्द करील, त्यात काय एवढं.

आणि न्यू साउथ वेल्समधल्या बर्कला तर चुकूनही जाऊ नका. तिथल्या लोकांनी 'मरंगुका' नावाचं काम काढलं, पोलिसांचीच आकडेवारी मागून घेतली आणि पाहिलं, तर पोरं कोर्टाची पायरी चढत होती त्याचं एक कारण निघालं लायसन्स नसणं. शिकाऊ पोरानं लायसन्सवाला माणूस शेजारी बसवून 120 तास गाडी चालवायची असा नियम, आणि घरात लायसन्स कुणाकडेच नाही! मग यांनी गाडी शिकवायला घेतली. जामिनाच्या अटींबद्दल, जुन्या वॉरंटांबद्दल पोलिसांशी बसून बोलले. एका लेखापरीक्षण कंपनीनं हिशेब मांडला: 2017 या एका वर्षात 31 लाख डॉलरचा फायदा, घरगुती हिंसाचाराच्या नोंदी 23 टक्के कमी.

आता सांगा, याचं उद्घाटन करायचं कसं? फीत बांधणार कुठे, गाडीपुढे? आणि मंत्रिमहोदय कात्री घेऊन समोर उभे असताना स्टेअरिंगवर शिकाऊ पोरगा, ब्रेक नेमका कुठला ते आठवत बसलेला.