'जे-एन-ओ' म्हणजे जोनाथन नव्हे

इंग्लंड-आयर्लंडमधले पूर्वज चर्चच्या जुन्या, बऱ्याचदा लॅटिन नोंदींत शोधणाऱ्यांमध्ये एक सल्ला फार फिरतो: 'लॅटिन नावांची यादी जवळ ठेवा आणि समोरचं इंग्रजी नाव उचला. संक्षेप पहिल्या अक्षरांवरून ओळखा. १७३३ नंतर लॅटिन लागतच नाही.'

यादीपासूनच सुरुवात करू. 'याकोबुस' जेम्सही असतो आणि जेकबही. 'योहाना' जोन, जेन, जोहाना यांपैकी कुणीही. आयर्लंडात गुंता वाढतो, कारण पाद्रीने 'थॅडेअस' लिहिलेला माणूस घरी टायग (आयरिश नाव) आणि सरकारी कागदावर टिमथी असू शकतो. लॅटिन रूप बहुधा फक्त पाद्रीच्या वहीतलं, त्यामुळे इंग्रजी कागद हवाच: आयर्लंडात १८६४ पासूनची जन्म-मृत्यूची सरकारी नोंद, किंवा १९०१ आणि १९११ ची जनगणना. जुळवताना पहिलं नाव बाजूला ठेवून आईचं माहेरचं आडनाव आणि गाव पाहा. ही दोन क्वचितच दगा देतात.

यादीत न सापडणारी बरीच नावं नुसती विभक्ती लागलेली असतात. 'बाप्तिझावी योहान्नेम फिलिउम याकोबी' यात मूल द्वितीयेत आणि बाप षष्ठीत आहे: याकोबुसच्या मुलाला, योहान्नेसला, बाप्तिस्मा दिला. 'रामाला' आणि 'रामाचा' अशी दोन माणसं आपण धरत नाही. पण नोंदींच्या सूचीत 'याकोबी' वेगळं नाव म्हणून सर्रास सापडतं.

संक्षेपांचा सल्ला तर उलटाच आहे. वर चढवलेली बारीक अक्षरं बहुतेकदा नावाचा शेवट असतात, म्हणून आधी शेपूट वाचायचं. 'जे-ए-एस' जेम्स, 'सी-एच-ए-एस' चार्ल्स. गोव्यातल्या पोर्तुगीज नोंदींतही हीच रीत: 'एम'वर 'ई-एल' असेल तर मानुएल, 'ए' असेल तर मारिया. 'जे-एन-ओ' मात्र रूढ अपवाद. तो जॉन, जोनाथन सहसा 'जे-ओ-एन' असा येतो. 'एक्सपोफर' पाहून बिचकू नका. त्यातले एक्स आणि पी म्हणजे 'ख्रिस्तोस'मधली ग्रीक खी आणि ऱ्हो, नाव ख्रिस्तोफर. 'एफ-आर-ए-एस' हा फ्रान्सिस पुरुष की फ्रान्सेस बाई, हे लॅटिन नोंदीत पुढच्या 'फिलिउस' (मुलगा) किंवा 'फिलिया' (मुलगी) यावरून ठरतं. खरा घोळ एडमंड-एडवर्डचा. 'ई-डी'नंतरचे 'एम' आणि 'डब्ल्यू' घाईच्या अक्षरात सारखेच दिसतात. त्याच लेखनिकाची आणखी दहा-पंधरा पानं उघडा, पूर्ण लिहिलेल्या ओळखीच्या शब्दांतून त्याची 'एम' आणि 'डब्ल्यू' वळणं उतरवून घ्या आणि मगच ठरवा.

१७३३ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयीन कागदांतून लॅटिन गेलं, एवढंच खरं. आयर्लंडातल्या कितीतरी कॅथलिक वह्या एकोणिसाव्या शतकातही लॅटिनच आहेत. तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाने साधारण १८८० पर्यंतच्या वह्यांची छायाचित्रं मोफत ठेवली आहेत, पडताळून पाहा.

वंशावळीत दोन रकाने करा. पहिल्यात मूळ रूप जसंच्या तसं, आपण भरलेली अक्षरं चौकटी कंसात. दुसऱ्यात आपला अंदाज आणि तो कोणत्या कागदावरून केला ते. नुसतं 'जेम्स' लिहून ठेवलं, तर पुढे जेकबचा कागद हाती आल्यावर चूक कुठे झाली ते सापडणार नाही.