शनिवारवाडा फेरीबद्दलच्या ‘आत काहीच नाही, फसवणूक आहे’ या एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

रविवारची फेरी तुम्हाला आवडली नाही, त्याबद्दल मनापासून क्षमस्व. वाड्यात नुसत्या भिंती आणि दगड आहेत, गाइड भुताबद्दल अवाक्षर बोलला नाही, जेल आणि दवाखान्यावरच वेळ काढला, म्हणून पैसे परत द्या, असं तुम्ही लिहिलंय. बाकीचं मुकाट ऐकून घेतलं असतं. ‘फसवणूक’ मात्र लागलं. नवीन माणूस आमच्याकडे येतो तो रिव्ह्यू वाचूनच येतो हो.

आत वाडा नाही, हे खरंच आहे. २७ फेब्रुवारी १८२८ ला आग लागली आणि आठवडाभर जळून तो गेला. बुकिंगच्या मेसेजमध्ये दुसऱ्याच ओळीत आम्ही हे लिहितो. उरलेत ते तट, पाच दरवाजे, वरचा नगारखाना, जोती आणि हजारी कारंजं. रिकाम्या जोत्यावर उभं करून वाडा डोळ्यांपुढे आणायचा, त्याचेच तर आम्ही पैसे घेतो.

जेल-दवाखाना हे विषयांतर नव्हतं. १७३२ साली पहिल्या बाजीरावांनी वास्तुशांत केलेल्या या वाड्यावर १७ नोव्हेंबर १८१७ ला इंग्रजांचं निशाण लागलं. पुढच्या वर्षी कलेक्टर रॉबर्टसन तिथे राहायला आला. मग त्याच दिवाणखान्यांतून कैदी, रोगी आणि वेडे ठेवले गेले. १८२५ मध्ये कलकत्त्याचा इंग्रज बिशप हेबर पुण्यात आला, तो हेच बघून लिहून गेला. म्हणजे आगीत जे जळालं, ती पेशव्यांची गादी नव्हती, सरकारी तुरुंग आणि इस्पितळ होतं. हे पुण्यातल्या पुणेकरांनाही ठाऊक नसतं, म्हणून आमचा गाइड तिथे रेंगाळतो. समोरच्या पटांगणात संयुक्त महाराष्ट्राच्या सभा गाजल्या, तेही तो सांगतो; तोवर तुम्ही निघाला होतात.

राहिलं भूत. ३० ऑगस्ट १७७३ ला गारद्यांनी, म्हणजे वाड्यावरच्या पगारी शिपायांनी, नारायणराव पेशव्यांना मारलं, हे नारायण दरवाज्यापाशी सविस्तर सांगितलं होतं. तेव्हा आपण कारंज्यापाशी रील काढत होतात. नुकतीच अठरा पूर्ण झालेल्या पोराच्या खुनाचा, त्याचं भूत म्हणून ‘काका मला वाचवा’ असा आवाज काढून, तमाशा करणं आम्हाला जमत नाही. तसं केलं तर धंदा दुप्पट होईल, कल्पना आहे. आमचा गाइड इतिहासात एम. ए. आहे, भुतं त्याच्या अभ्यासक्रमात नव्हती.

लिहिणार नव्हतो, पण उशिराचा ठपका तुम्ही आमच्यावर ठेवलात म्हणून सांगतो. दिल्ली दरवाज्यापाशी चारला जमायचं ठरलं होतं. बाकीची मंडळी, त्यात एक वयस्कर काकू, तुमच्यासाठी उन्हात थांबली होती. फाटक संध्याकाळी बंद होतं, ते आमच्यासाठी उघडं राहत नाही. शेवटची वीस मिनिटं गेली ती तिथे.

तरीही तुमच्या सूचनांची नोंद घेतली आहे. सावलीत थांबण्याचं आणि सांगण्याच्या पद्धतीचं काहीतरी नक्की करू. पैशांचं म्हणाल तर आमच्या फीबद्दल फोनवर बोलू. आत जायचं तिकीट पुरातत्त्व खात्याचं असतं, ते परत मिळणार नाही.