‘सही केली ना, मग तक्रार कसली?’ या मेसेजला उत्तर

मावशीने परवा एक मेसेज पाठवला, खाली ‘अगदी खरंय’ असं लिहून. नातेवाइकांच्या प्रत्येक ग्रुपवर तो फिरतोय. म्हणणं असं: अमेरिकेतले स्पॅनिश बोलणारे स्थलांतरित इंग्रजी शिकत नाहीत, न वाचता कागदांवर सह्या करतात आणि मग फसवलं म्हणून ओरडतात; दवाखान्यात दुभाषी कशाला, घरातली पोरं इंग्रजी बोलतातच; आणि आता इंग्रजी अधिकृत भाषा झाल्यामुळे हे लाड संपले. मावशी स्वतः लेकीच्या बाळंतपणासाठी डॅलसला निघाली आहे, इंग्रजी जेमतेम. म्हणून गप्प बसवत नाही.

इंग्रजी शिकत नाहीत? प्यू रिसर्च या अमेरिकन संशोधन संस्थेच्या आकड्यांनुसार अमेरिकेत जन्मलेल्या लॅटिनोंपैकी, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांपैकी, जवळपास ९० टक्के लोकांना चांगलं इंग्रजी येतं. मोठ्या वयात येऊन दिवसभर राबणाऱ्या आईबापांचं इंग्रजी कच्चं राहतं, हे मान्य. पण तेवढंच.

सह्यांचा मुद्दा वाचून मात्र संताप आला. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला लॉस एंजेलिसच्या सरकारी रुग्णालयात मेक्सिकन वंशाच्या अनेक बायका बाळंतपणाला गेल्या आणि नसबंदी होऊन घरी आल्या. कळा चालू असताना, औषधाच्या गुंगीत, त्यांच्यापुढे इंग्रजी फॉर्म धरले गेले. काहींना वाटलं, आपण सिझेरियनला परवानगी देतोय. आपल्याला आता मूल होणार नाही हे काहींना बरंच नंतर कळलं. त्यातल्या १० जणी कोर्टात गेल्या. ‘माद्रिगाल विरुद्ध क्विलिगन’ हा तो खटला.

त्यांच्या बाजूने साक्ष देताना मानववंशशास्त्रज्ञ कार्लोस व्हेलेस-इबान्येस यांनी सांगितलं, की या बायकांच्या समाजात मूल होणं हे बाईच्या घरातल्या आणि नात्यागोत्यातल्या स्थानाशी बांधलेलं असतं, म्हणून हा घाव इतका खोल आहे. १९७८मध्ये न्यायाधीश जेसी कर्टिस यांनी डॉक्टरांच्या बाजूने निकाल दिला. दोन्हीकडच्या संवादात गफलत झाली, डॉक्टरांच्या मनात वाईट नव्हतं, असं त्यांचं मत. आणि ती साक्षही त्यांनी बायकांवरच उलटवली: दुःख एवढं मोठं झालं ते त्यांच्या संस्कृतीमुळे, डॉक्टरांना ते कसं कळावं? म्हणजे भाषा कळली नाही तो दोष बाईचा, आणि दुखलं तर तोही तिचाच. मेसेज लिहिणारा आज हेच बोलतोय. लॉस एंजेलिस काउंटीने २०१८मध्ये या बायकांची माफी मागितली, हे त्याच्या गावीही नसावं. सरकारी पैशाने होणाऱ्या नसबंदीसाठी कळा चालू असताना घेतलेली संमती आज चालत नाही, आणि भाषा समजत नसेल तर दुभाषी द्यावा लागतो. हे नियम अशाच बायकांच्या हालांतून आले.

आता घरातली पोरं. ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात २००३मध्ये ग्लेन फ्लोरेस आणि सहकाऱ्यांनी स्पॅनिश दुभाष्यांच्या मदतीने झालेल्या १३ तपासण्यांचा अभ्यास छापला. एका तपासणीत दुभाषी होतं ११ वर्षांचं भावंड. त्याच्या ५८ चुका झाल्या, बहुतेक उपचारावर परिणाम करू शकतील अशा. त्याच अभ्यासात एका आईला कानाच्या संसर्गासाठी अमॉक्सिसिलिन, म्हणजे पोटात घ्यायचं औषध, दोन्ही कानांत घालायला सांगितलं गेलं. रुग्णालयाचे दुभाषीही चुकत होते, हे त्यात आहे. पण त्यांच्या चुका कमी घातक होत्या. आणि आईचा रक्तस्राव, गर्भपात, कॅन्सर हे सगळं अकरा वर्षांच्या पोराच्या तोंडून वदवायचं? मावशी, तू तुझ्या नातवाला असं उभं करशील?

शेवटचा मुद्दा. मार्च २०२५मध्ये ट्रम्प यांनी इंग्रजीला अधिकृत भाषा ठरवलं आणि भाषा-मदतीबद्दलचा क्लिंटन यांचा २०००चा आदेश रद्द केला, हे खरं. पण सरकारी निधी घेणाऱ्यांना मूळ देशावरून भेदभाव करायला बंदी घालणारा १९६४चा नागरी हक्क कायदा एका आदेशाने पुसला जात नाही, आणि ‘ओबामाकेअर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आरोग्य कायद्याचा नियम तर तातडीची वेळ सोडून लहान मुलांना दुभाषी म्हणून वापरायलाच मनाई करतो. सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयांना तो लागू आहे, दुभाष्याचा खर्च रुग्णाकडून घेता येत नाही, आणि यात स्पॅनिशइतकीच मराठीही येते.