मोठ्ठा आ

उजव्या बाजूने शेंगदाण्याची चिक्की चावली की अजून कळ येते, आणि कळ आली की मला अँथनी डेव्हिस आठवतो. त्यात त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. त्याला माझ्या तोंडात नेऊन बसवलं ते आमच्या दातांच्या डॉक्टरने.

ज्यांना बास्केटबॉलचं काही सोयरसुतक नाही त्यांच्यासाठी मागची गोष्ट भरभर सांगतो. आम्ही राहतो प्लेनोत, डॅलसच्या उत्तरेला. इथला संघ मॅव्हरिक्स, आणि मॅव्हरिक्स म्हणजे लुका डॉन्चिच. २०२४ साली याच पोराने संघाला अंतिम फेरीपर्यंत नेलं होतं. १ फेब्रुवारी २०२५च्या रात्री अकरा वाजून गेल्यावर बातमी आली, की लुकाला लॉस एंजेलिस लेकर्सला देऊन टाकलं आणि बदल्यात डेव्हिस आणला. लुका पंचवीस वर्षांचा, डेव्हिस एकतीस. बातमी देणाऱ्या पत्रकाराचं खातं कुणीतरी हॅक केलेलं दिसतंय, असं म्हणून मी दिवा मालवून झोपलो. दुसऱ्या दिवशी लोक स्टेडियमबाहेर शवपेटी घेऊन उभे होते. आमच्या घरातही सुतक होतं, कारण चिरंजीवांनी डिसेंबरातच हट्ट करून लुकाची ७७ नंबरची जर्सी पूर्ण किमतीत घेतलेली होती.

तेव्हापासून या गावात दुसरा विषय नाही. किराणा दुकानात कढीपत्त्याच्या जुड्या चाळताना शेजारचा तेलुगू माणूस ओळखपाळख नसताना म्हणतो, "निकोने वाटोळं केलं." निको म्हणजे निको हॅरिसन, संघाचा तेव्हाचा जनरल मॅनेजर, ज्याने हा सौदा केला. मी मान डोलावतो. दोन अनोळखी माणसं एकदम घरची होतात.

तर ११ जुलै २०२५, शुक्रवार, सकाळी आठ. रूट कॅनाल. आदल्या रात्री लास वेगासच्या समर लीगमध्ये, म्हणजे नव्या पोरांच्या उन्हाळी सामन्यांत, कूपर फ्लॅगचा पहिला सामना झालेला, तोही नेमका लेकर्सशी. फ्लॅग हा मॅव्हरिक्सने जूनमध्ये निवडलेला अठरा वर्षांचा मुलगा. नव्या खेळाडूंच्या निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, आधी कुणी निवडायचं याची लॉटरी निघते. तीत आमचा पहिला नंबर लागायची शक्यता १.८ टक्के होती आणि तो लागला. जिने घर धुऊन नेलं त्याच नदीत आम्हाला सोन्याची बांगडी सापडली, असा प्रकार. आता या बांगडीने पहिल्या सामन्यात एकवीस वेळा चेंडू टाकला आणि पाच वेळा आत गेला. सामना जिंकले, तरी डोक्याला घोर लागला. मी उशिरापर्यंत जागून सगळं पाहिलेलं, त्यामुळे खुर्चीत आडवा झालो तेव्हा माझ्याकडे मतं भरपूर होती. फक्त ती ज्या वाटेने बाहेर पडतात ती वाट दोन माणसांनी अडवली होती.

डॉक्टर साठीचा, पायात काउबॉय बूट. समोर मदतनीस मुलगी, कानात ७७ आकड्याचे डूल. यावरून पुढचं लक्षात यावं.

पहिलं इंजेक्शन दिलं. ते चढेपर्यंत दहा मिनिटं थांबायचं होतं, आणि या दहा मिनिटांत जे झालं त्याबद्दल मी अजून धुमसतोय.

"एकवीसपैकी पाच," ती म्हणाली.

"पोर आहे अजून," डॉक्टर म्हणाला. "संघ बघ ना. बचाव बघ. बचावावरच अजिंक्यपद मिळतं." हे वाक्य हॅरिसनचं. सौदा केल्यावर त्याने हेच कारण दिलं होतं. डॅलसात हे वाक्य गंभीर चेहऱ्याने म्हणणारा माणूस मी प्रथमच पाहत होतो, आणि त्याच्या हातात आकडा होता. दातात घालायचा, पोलादी.

"कुठला संघ, डॉक्टर? कोण आहे संघात?"

"थांब, दाखवतो," असं म्हणून त्याने माझा जबडा आणखी खाली ओढला.

यानंतर माझ्या खालच्या दातांत मॅव्हरिक्स उभे राहिले. सगळ्यात मागची दाढ हा लाइव्हली. तिच्या पुढची गॅफर्ड. त्यापुढची, म्हणजे जिच्यासाठी मी आलो होतो ती किडकी, हा अँथनी डेव्हिस. "बघ," तो आकड्याने तिच्यावर टकटक करत म्हणाला, "मूळ भक्कम आहे. दुखापती होतात, मान्य. पण काढून टाकायची चीज नाही ही. आज साफ केली की वर्षभर कुरकुर नाही." सुळा हा क्ले थॉम्पसन. "पस्तीस वर्षांचा, जरा पिवळा पडलाय, पण टोक आहे अजून." सुळ्याचा पिवळेपणा माझ्या चहाचा होता, थॉम्पसनचा नव्हे. आणि सुळ्यामागचा, मागच्या वर्षी पांढरं सिमेंट भरलेला दात हा फ्लॅग. "नवाकोरा."

ती वाकली. आता दोघांची डोकी माझ्या तोंडावर, विहिरीत पडलेली बादली बघावी तशी.

"आणि इथे?" तिने आरसा पुढच्या दातांकडे नेला. "हे काय आहे?"

तिथे माझा एक दात अर्धा आहे. पंचवीस वर्षांपूर्वी नागपूरला, शाळेच्या सिमेंटच्या कोर्टावर, एका धिप्पाड पोराच्या कोपराने तो गेला. त्याबद्दल मला फाऊलसुद्धा मिळाला नव्हता. पंच त्या पोराचे मामा होते, पण तो विषय वेगळा.

"हा कायरी अर्विंग," डॉक्टर जरा थांबून म्हणाला.

"बरोब्बर. मार्चमध्ये गुडघ्याचं लिगामेंट फाटलेला कायरी अर्विंग. मग चेंडू पुढे आणणार कोण? मागे तीन-तीन दाढा दाटीवाटीने उभ्या, पुढे खिंडार!"

"रसेलला घेतलंय ना आता."

"रसेल!" तिने थुंकी ओढायची नळी अशी काही दाबली की माझी जीभच तिच्यात गेली.

खरं सांगतो, ती मुलगी बरोबर बोलत होती. उंच माणसांची गर्दी आणि चेंडू खेळवणारा कुणी नाही, हेच तेव्हा संघाचं दुखणं होतं. पण मुख्य मुद्दा दोघांपैकी एकालाही सुचत नव्हता, आणि तो माझ्या घशात येऊन बसला होता. मुद्दा असा की लुकाला विकलं हे एक वेळ सोडा. विकताना विचारलं कुणाला? एकट्या लेकर्सला! अहो, म्हैस विकायची तर माणूस चार बाजार हिंडतो, तिचे दात मोजू देतो, उपरण्याखाली बोटं दाबून भाव करतो. पहिल्या फेरीचा पिक म्हणजे ड्राफ्टमधून नवा खेळाडू उचलायचा हक्क, इथली रोकडच ती. २०२४ साली न्यूयॉर्कच्या निक्सनी मिकाल ब्रिजेससाठी असे पाच पिक मोजले. २०२५च्या जूनमध्ये ऑर्लँडोने डेस्मंड बेनसाठी चार दिले. दोघंही गुणी मुलं, पण ऑल-स्टार, म्हणजे वर्षातल्या निवडक बड्या खेळाडूंत, तोवर एकदाही आलेली नव्हती. आणि लुकासाठी डॅलसला मिळाला किती? एक! २०२९चा! पाच, चार आणि एक. एवढंच मला सांगायचं होतं.

मी म्हणालो, "आआ... आ... ए."

"काही म्हणतायत," ती म्हणाली.

शब्द जमेना म्हणून मी हात वर केला आणि पाच बोटं दाखवली.

डॉक्टरचा चेहरा बदलला. "दुखतंय? दहापैकी पाच?"

मी जोरात मान हलवली. आकडा अजून तोंडात असल्याने ती डावी-उजवी हलवता आली नाही, वर-खाली हलली. मग घाईघाईने चार बोटं दाखवली.

"कमी होतंय म्हणतायत," ती म्हणाली.

"पाचवरून चार. नाही, असं नाही चालणार. आणखी एक देऊन टाकू."

मी तर्जनी वर करून 'एक! एकच!' असं कळवळून दाखवत होतो. "हो, एकच," डॉक्टर मायेने म्हणाला आणि दुसरं इंजेक्शन ठेवून दिलं. मागोमाग रबराचा पडदा ताणून बसवला. मग सव्वा तास मी छतावरच्या डॉल्फिनच्या चित्राकडे बघत होतो आणि माझ्या वरून वाद चालू होता. मध्ये एकदा डॉक्टर म्हणाला, "बघ, हे पण माझ्याच बाजूचे आहेत. ना हो?" मी "आ" म्हणालो. तो होकार धरला गेला. निको हॅरिसनला आख्ख्या डॅलसात जे दोन-तीन समर्थक असतील त्यांत माझी नोंद झाली, तीही स्वखर्चाने.

खर्चाचं म्हणाल तर या देशात दात हा शरीराचा भाग धरत नाहीत. बाकी देहाचा विमा वेगळा, दातांचा वेगळा. माझ्या दातांच्या विम्याची वर्षाची मर्यादा दीड हजार डॉलर. एक रूट कॅनाल आणि वर कॅप म्हटलं की जुलैतच वर्ष संपलं. पुढे डिसेंबरापर्यंत मऊ भात. तिकडे मॅव्हरिक्सनीही लुका गेल्यावर महिना-दीड महिन्यात हंगामी तिकिटांचे दर वाढवले. आधी दात काढायचा आणि मग रिकाम्या जागेचं भाडं लावायचं. आम्ही चार जणांनी मिळून दोन तिकिटं घेतो, वर्षानुवर्षं. या वेळी नको म्हणायचं ठरवलं होतं. घेतली.

दहा वाजता गाडीत बसलो तोच नागपूरहून आईचा फोन. तिथे रात्रीचे साडेआठ, जेवण आटोपून ती निवांत. मी "हॅलो" म्हणालो, पण दोन इंजेक्शनांमुळे ते "हावो" झालं.

"काय बोलून राहिला रे असा?"

"आई, आत आहे... आआत..."

"आत आहे? कुठे आत आहे? पोलिसात?"

"आत नाही गं, दाआत!"

पलीकडे शांतता. मग सावकाश, "सकाळी दहा वाजता पिऊन राहिला का तू?"

संध्याकाळी मंडळाच्या गणपतीची बैठक होती. ओठ अजून लोंबतच होता. पार्किंगची जबाबदारी कोण घेणार असं विचारल्यावर मी "नाही" म्हणालो आणि ते सर्वांना "मी" असं ऐकू आलं, निदान अध्यक्षांनी तसं सांगितलं. टाळ्याही पडल्या. यांच्यापेक्षा डॉक्टर बरा, त्याने निदान बोटं तरी मोजली.

कायमची कॅप बसवायची तारीख ४ ऑगस्ट होती. मधले तीन आठवडे मी तयारी केली. आरशासमोर इंग्रजीत, आधी ब्रिजेस, मग बेन, मग आवाज खाली आणून लुका. बायको म्हणाली, ग्रीन कार्डच्या मुलाखतीलाही एवढं पाठ केलं नव्हतं. त्याच सुमारास लुकाचे बारीक झाल्याचे फोटो आले, आणि २ ऑगस्टला त्याने लेकर्सबरोबर तीन वर्षांचा १६.५ कोटी डॉलरचा नवा करार केला. म्हणजे लोखंड तापलेलं होतं. ठरवलं होतं की खुर्चीत बसायच्या आधी, दारातच, तोंड मोकळं असताना बोलून घ्यायचं.

दारात रिसेप्शनवाली होती. तिने आधी फॉर्म दिला, मग कार्ड मागितलं. आत गेलो तर मुलगीच होती, तिने "मोठ्ठा आ" म्हणून कापूस कोंबला. मग बूट वाजवत डॉक्टर आला.

"मी विचार केला," तो तिला म्हणाला. "माझं चुकलं. आणि मुख्य चूक विकण्यात नाही, सांगू कशात आहे? ब्रिजेसला पाच पिक मिळतात. बेनला चार. आणि लुकाला एक? एक! दुसऱ्या कुणाला भाव तरी विचारायचा!"

तिचे डोळे मोठे झाले. "डॉक्टर, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं!"

"आआ!" मी म्हणालो. "आ! आआ!"

"बघ, यांनाही पटलं," डॉक्टर म्हणाला आणि त्याने दोन दाढांच्या मध्ये निळा कागद धरला. "हां, आता घट्ट चावा."

मी असा चावलो की कागदाचे दोन तुकडे झाले.

"जरा उंच बसतेय," तो कागद उजेडात धरून म्हणाला. "घासावी लागेल."