धूमनेत्र, पंप आणि गुरुजींची हरकत

नमस्कार गुरुजी,

इनहेलरच्या इतिहासावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही चांगलीच कानउघाडणी केलीत. प्रतिक्रिया रागाने लिहिली असली तरी अभ्यासून लिहिलेली आहे, तेव्हा नुसते आभार मानून सुटका नाही. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. १७७८ सालच्या इंग्रज डॉक्टरपासून सुरुवात करून मी चरकाला डावललं. पंपाची, म्हणजे इनहेलरची, सवय लागते हे मेडिकलवाला असल्यामुळे मी लपवलं. आणि दम्याच्या यंत्रांच्या पंगतीत पोरांच्या व्हेपला, म्हणजे ई-सिगारेटला, आणून बसवलं. जाता जाता तुम्ही असंही लिहिलंत की सूनबाईंचा पंप तुम्ही बंद करायला लावला, आता गोळी चालू आहे, शिवाय रात्री निलगिरीचा वाफारा. मला काळजी या शेवटच्या वाक्याची आहे. पण आधी चरक.

प्लिमथच्या जॉन मजने १७७८ मध्ये कथलाच्या मगाला झाकण आणि नळी बसवली, खोकल्यासाठी अफूची वाफ ओढायची सोय केली आणि तिला इनहेलर म्हटलं. लेख त्या नावाच्या यंत्राचा, म्हणून सुरुवात तिथून. चरक त्याच्या कितीतरी आधीचा, यात वादच नाही. उलट तुम्ही त्याची बाजू मांडलीत ती तोकडी मांडलीत. चरकसंहितेच्या सूत्रस्थान या भागाच्या पाचव्या अध्यायात नुसतं 'धूर घ्या' असं नाही. चंदन, वाळा, वेलची वगैरे वाटून तो लगदा बोरूसारख्या काडीवर लिंपायचा, आठ अंगुळं लांब, अंगठ्याएवढी जाड वर्ती, म्हणजे वात, वाळवायची, काडी काढून घ्यायची, तूप लावून पेटवायची. ती ओढायची नळी म्हणजे धूमनेत्र, ती सरळ आणि तीन पेरांची. डोकं मोकळं करणाऱ्या विरेचनाच्या धुराला २४ अंगुळं, तुपातेलाच्या स्नेहाच्या धुराला ३२, रोजच्या धुराला ३६. आणि एवढी लांबी कशाला, तेही दिलंय: लांबून, पेरांतून अडखळत, नळीत विरळ होत आलेला धूर इंद्रियांना बाधत नाही.

हे वाचलं की मला आमच्या कपाटातला स्पेसर आठवतो. पंपाला जोडायचा तो प्लास्टिकचा फुगीर नळा. पंपातून औषध भसकन सुटतं, त्यातलं बरंचसं घशावर आपटतं. मध्ये स्पेसर आला की वेग मरतो, जाड थेंब भिंतीला चिकटतात आणि बारीक तेवढे आत जातात. औषध आणि माणूस यांच्यात अंतर ठेवायचं हे चरकाला कळलं होतं. हे श्रेय मी आनंदाने देतो.

पण पुढे मी तुमच्याबरोबर येत नाही. धूर म्हणजे काहीतरी जळणं आलं. त्यात औषध किती आणि काजळी किती, हे ओढणाऱ्याला कळायला मार्ग नाही, आणि सुजलेल्या श्वासनळीला काजळी सोसत नाही. आपल्याच धोतऱ्याचं बघा. आपल्याकडे दम्यासाठी धोतरा ओढत, ते मद्रासमधल्या कंपनी सरकारच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि १८०२ च्या सुमाराला ही युक्ती विलायतेत पोचली. पुढे शतकभराहून अधिक काळ तिकडे धोतऱ्याच्या जातीच्या पानांच्या 'अस्थमा सिगारेटी' खुलेआम विकल्या गेल्या. त्यांनी दम थोडा मोकळा व्हायचा हे खरं, कारण धोतऱ्यात अॅट्रोपीन असतं. त्याच अॅट्रोपीनवरून घडवलेलं इप्राट्रोपियम आज पंपात मिळतं, मायक्रोग्रॅममध्ये मोजलेलं, काजळीशिवाय. महादेवाला वाहतो तो धोतरा असा पंपात आहेच, गुरुजी. फक्त जाळून घ्यावा लागत नाही.

मधल्या काळातल्या युरोपीय यंत्रांची कौतुकं मी मूळ लेखात केली ती पुन्हा करत नाही. १८५८ चा साल-जिरोंचा हातपंप, १८६४ चा सीगलचा वाफेवरचा फवारा, १८६५ चा नेल्सनचा चिनी मातीचा चंबू, एवढी नावं पुरेत. भोंदूगिरी तिकडेही कमी नव्हती. कार्बोलिक स्मोक बॉल नावाचा रबरी गोळा नाकात भुकटी उडवायचा आणि फ्लू झालाच तर १०० पौंड देऊ अशी जाहिरात करायचा. एका बाईला फ्लू झाला, तिने दावा लावला आणि १८९२ मध्ये जिंकला. आपल्याकडची लॉची पोरं अजून तो खटला घोकतात.

खरा फरक पडला १९५६ मध्ये. अमेरिकेत रायकर लॅबोरेटरीजच्या जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या मुलीला दमा होता. रबरी फुगा दाबायचा काचेचा फवारा वापरून ती कंटाळली होती. केसांच्या स्प्रेसारखं औषध का नाही मिळत, असं तिने बापाला विचारलं. दर दाबाला ठरावीकच माप सोडणारा व्हॉल्व्ह अत्तरासाठी आधीच तयार होता, तो इथे उपयोगी पडला. दाबलं की तेवढंच, आज जेवढं तेवढंच उद्या. धूमनेत्रात, मजच्या मगात, तुमच्या वाफाऱ्यात नेमकं हेच नाही.

वाफाऱ्याने सर्दीत नाक मोकळं होतं, घशाला बरं वाटतं; त्याला माझी ना नाही. कोरोनात वाफेची यंत्रं मीही ढिगाने विकली. पण बारीक श्वासनळ्यांपर्यंत पोचायला कण साधारण १ ते ५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लागतो. भांड्यावरची वाफ नाका-घशातच थंड होऊन पाणी होते. दम्याच्या आकुंचनावर तिचा इलाज नाही, आणि लहान मुलं जवळपास असली तर उकळतं पातेलं हा वेगळाच धोका.

आता सवय. दम लगेच मोकळा करणाऱ्या साल्ब्युटामॉलचा एक पफ, म्हणजे एकदा दाबल्यावरचा फवारा, १०० मायक्रोग्रॅमचा, दोन घेतले तर २००. त्याच औषधाची गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची येते. म्हणजे पंपाच्या भीतीने ४ मिलिग्रॅमची गोळी घेणारा माणूस दोन पफांच्या वीसपट औषध पोटात घालतो, आणि ते रक्तातून अंगभर फिरून मग फुफ्फुसाकडे जातं. हात थरथरतात, छाती धडधडते. सूनबाईंना असं होतं का, विचारून बघा.

पंप लागू पडत नाही असं म्हणणाऱ्यांचं खरं दुखणं मी काउंटरवर बघतो. आमच्या गावच्या पूर्व भागात घरोघरी विड्या वळल्या जातात, मांडीवरच्या सुपात तंबाखू, तिचा खकाणा दिवसभर नाकात. अशाच एका अक्कांनी परवा तक्रार केली की पंप फुकट गेला. म्हटलं, घेऊन दाखवा. त्यांनी तोंड उघडलं, पंप दाबला, मग श्वास घेतला. तोवर पांढरा ढग ओठांतून बाहेर. आत गेलं काय? काहीच नाही. आधी श्वास सोडा, मग हळू ओढायला लागताना दाबा, दहापर्यंत आकडे मोजेस्तोवर धरून ठेवा, एवढं शिकवायला पाच मिनिटं लागली. रोटाहेलरची, म्हणजे भुकटी ओढायच्या यंत्राची, कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारेही भेटतात. दोष यंत्राचा नव्हे, न शिकवणाऱ्यांचा; त्यात आम्ही मेडिकलवालेही आलो.

तुमची भीती अगदीच हवेतली मात्र नाही. १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये दम्याचे मृत्यू एकदम वाढले आणि आयसोप्रीनालिन या दम मोकळा करणाऱ्या औषधाच्या जास्त ताकदीच्या पंपांवर बोट ठेवलं गेलं. आजही नुसत्या आराम देणाऱ्या पंपावर महिनोन् महिने काढणं वाईटच. २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शनातही एकटं साल्ब्युटामॉल नको, सोबत श्वासनळीची सूज उतरवणारं इनहेल्ड स्टेरॉइड हवं, असं आहे. पण ती सूज रोगाची असते. पंप बंद केला की ती परत येते, आणि लोक म्हणतात, बघा, सवय लागली.

व्हेपला पंगतीत बसवलं कारण तो त्याच घराण्यातला आहे, वाया गेलेला असला तरी. द्रव तापवून त्याचे बारीक कण फुफ्फुसात पाठवायचे, तंत्र ओळखीचं, माल निकोटिनचा. भारतात २०१९ पासून त्याची विक्री, साठवण, जाहिरात सगळ्यावर बंदी आहे आणि मी तिच्या बाजूचा आहे. फूस लावायला तंबाखूला नवीन यंत्र लागतंच. इथून शंभरेक किलोमीटरवरच्या विजापुरातून असद बेगने अकबराच्या दरबारात तंबाखू नेली, तीही रत्नजडित चिलमीसकट. हकिमाने तेव्हाच हरकत घेतली होती.

तर सूनबाईंचं बघा. त्यांच्या बंद केलेल्या पंपावर औषधाचं नाव काय आहे ते मला कळवा. बुडेसोनाइड किंवा बेक्लोमेथासोन असं काही असेल तर तो रोजचा, सूज उतरवणारा पंप आहे. याच आठवड्यात डॉक्टरांना गाठून तो पुन्हा सुरू करायचं विचारा. तोवर बोलताना वाक्य पुरं होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर वाफाऱ्यात वेळ न घालवता थेट दवाखाना. आणि पंप कसा ओढतात ते दाखवायला दोघंही दुकानावर या, दुपारी गर्दी नसते.