नुसता ओरखडाच आहे ना?

आज संध्याकाळी शेजारचा आठ वर्षांचा मुलगा जिन्यात पोटरी हाताने झाकून बसलेला दिसला. कुत्र्याच्या पिल्लाशी खेळताना त्याला दात लागला होता, थोडे रक्तही आले होते, आणि सकाळपासून त्याने ते कोणालाही सांगितले नव्हते. मी त्याला घरी नेले, तर मोठ्यांनी आधी त्यालाच झापले आणि मग "नुसता ओरखडाच आहे ना, पिल्लूच तर होते" म्हणत विषय मिटवायला घेतला. मला आवाज चढवावा लागला, आणि त्याचा मला मुळीच पश्चात्ताप नाही.

माझा मावसभाऊ नऊ वर्षांचा असताना कुत्रा चावल्यावर असाच पाय लपवून बसला होता. पोटात चौदा इंजेक्शने टोचतात, हे त्याने ऐकले होते, आणि घरच्या माराची धास्ती त्याहून मोठी होती. जखम आठवड्याभरात भरली. अडीच महिन्यांनी त्या जागी मुंग्या येऊ लागल्या, ताप चढला, आणि पाण्याचा पेला समोर धरताच त्याचा घसा आवळू लागला. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजमधून जवळजवळ कोणीच वाचत नाही. तोही वाचला नाही. तो शाळेत जात होता, हसत होता, त्या सगळ्या दिवसांत विषाणू मज्जातंतूंमधून मेंदूकडे सरकत होता आणि त्याला अडवायला पुरेसा वेळ हातात होता, हे मला आजही सहन होत नाही. रेबीजची लस शोधणाऱ्या लुई पाश्चर यांनी १८८५ मध्ये ज्या जोसेफ माइस्टरला लस टोचून वाचवले, तोही नऊच वर्षांचा होता.

पोटातल्या इंजेक्शनांची भीती त्या काळी अगदीच खोटी नव्हती, हे मान्य. पण आता लस दंडात किंवा त्वचेत, मोजक्याच वेळा देतात, आणि तरीही मोठी माणसे मुलांना त्या जुन्या गोष्टी सांगून घाबरवतात, याची मला चीड येते. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची, तिच्यावर काहीबाही चोळायचे नाही, त्याच दिवशी लस सुरू करायची, आणि रक्त आले असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे विषाणूला तिथेच अडवणारी तयार प्रतिपिंडे, द्यायला लावायचे, एवढेच तर करायचे असते. मोकाट कुत्र्यांचा त्रास खरा आहे, तेही मान्य. पण कुत्री मारून हा रोग हटत नाही, वस्तीतल्या किमान ७० टक्के कुत्र्यांना लस दिली की त्याची साखळी तुटते.

हे लिहिताना राग ओसरला आहे. मावशीला मी कधीच दोष दिला नाही. ती आजही एवढेच विचारते की त्याने मला का नाही सांगितले. आपल्यातल्या प्रत्येकाने आज रात्रीच घरातल्या मुलांना जवळ घेऊन सांगावे की कुत्रा चावला, नख लागले, तर लगेच येऊन सांग, कोणी रागावणार नाही.

शेजारच्या मुलाची जखम आम्ही घड्याळ लावून धुतली आणि पहिला डोस, इम्युनोग्लोब्युलिन दोन्ही झाले. पुढच्या डोसला मी त्याच्याबरोबर जाणार आहे; संध्याकाळी त्याला झापणाऱ्यांपैकीही कोणीतरी यावे.