‘हाऊ आपला पोऱ्या शे!’

सप्टेंबर २०२५ मधली गोष्ट. रविवारी सर्वपित्री अमावस्या होती, म्हणून भाचा टेक्सासहून वडिलांच्या श्राद्धाला जळगावला आलेला. शनिवारी सकाळी त्याचा फोन वाजायला लागला तो थांबेचना. ट्रम्पनं एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या अर्जावर एक लाख डॉलर फी लावली होती, आणि ‘असाल तिथून ताबडतोब परत या’ असा कंपनीचा निरोप. अक्का वड्यांसाठी उडीद भिजवून बसलेली, आणि पोरगा मुंबईहून सुटणारी विमानं शोधतोय. रविवारी कळलं की फी फक्त नव्या अर्जांना आहे. तोवर एका तिकिटाचे पैसे बुडाले होते. आगारी, म्हणजे पितरांचा घास विस्तवात, टाकतानाही त्याचा एक डोळा मोबाइलवर होता.

मला त्या गडबडीत विवेक रामस्वामी आठवला. ऑगस्ट २०२३ मध्ये रिपब्लिकन उमेदवारांचा पहिला वादविवाद झाला, तेव्हा आमच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर त्याचे व्हिडिओ नुसते धो धो पडत होते. कुणीतरी खाली अहिराणीत लिहिलं, “हाऊ आपला पोऱ्या शे!” म्हणजे, हा आपला पोरगा आहे. आईबाप केरळचे, जन्म सिनसिनाटीचा, औषधांची कंपनी काढून गडगंज झालेला. तो पारोळा तालुक्याचा पोऱ्या कधी झाला, हे विचारायची सोय नव्हती. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष व्हायला निघालाय ना, मग आपलाच.

हा आपला पोऱ्या बोलत काय होता, ते मात्र कुणी ऐकलं नाही. बेकायदा आलेल्यांची मुलं अमेरिकेत जन्मली तरी त्यांना नागरिकत्व नको, हे त्यानं सप्टेंबरच्या वादविवादात ठणकावून सांगितलं. एच-वन-बीची लॉटरी मोडीत काढा, हेही त्याचंच. त्याच सुमाराला बातमी आली की त्यानं काढलेल्या रोइव्हंट कंपनीला २०१८ ते २०२३ मध्ये याच व्हिसाची २९ मंजूर प्रकरणं मिळाली होती. त्यावर त्याचं म्हणणं, पद्धत वाईट आहे, तिच्या जागी गुणवत्तेवर निवड करा.

आता लॉटरी वेडगळ आहे हे मलाही मान्य. वर्षाला ८५ हजार जागा आणि इंजिनिअरच्या नशिबाची चिठ्ठी. भाच्याचं नाव तिसऱ्या वर्षी निघालं, तोवर अक्कानं पद्मालयाच्या गणपतीच्या किती वाऱ्या केल्या ते तिलाच माहीत. पण रामस्वामीचा सगळा हिशेब एका समजुतीवर उभा होता. आलेल्या लोकांची आपण चाळणी लावू, चांगले ठेवू, बाकीचे बाहेर, आणि आपण अर्थातच चांगल्यांत. टाळ्या वाजवणाऱ्यांना त्यातलं ‘दार लावा’ एवढंच ऐकू येत होतं.

१५ जानेवारी २०२४ ला आयोवा राज्यात पक्षाच्या उमेदवारीची मतं मोजली. चौथा नंबर, आठ टक्क्यांच्याही आत. त्याच रात्री माघार आणि ट्रम्पला पाठिंबा. आमचा ग्रुप दुसऱ्या दिवशी कापसाच्या भावावर परत आला.

पुढचं कुणी फॉरवर्ड केलं नाही म्हणून सांगतो. मे महिन्यात ॲन कूल्टर नावाची त्यांच्याकडची कट्टर उजवी लेखिका त्याच्याच पॉडकास्टवर आली आणि तोंडावर म्हणाली, तुझी बरीचशी मतं मला पटतात, पण तुला मत दिलं नसतं, कारण तू इंडियन आहेस. आणि तो? स्पष्ट बोलायची हिंमत दाखवली म्हणून त्यानं तिचं कौतुक केलं! मी ते दोनदा पाहिलं. डिसेंबर २०२४ मध्ये त्यानं उलट लिहिलं, की अमेरिकन समाज हुशारीपेक्षा सामान्यपणाला डोक्यावर घेतो, गणितात चमकणाऱ्या पोरापेक्षा खेळाडूचं कौतुक करतो, म्हणून कंपन्या बाहेरची माणसं घेतात. त्यावर कालपर्यंत टाळ्या देणारेच तुटून पडले. तो दारावर इतरांना अडवत उभा होता तोवर चालला. आत बसून घरच्यांचे दोष काढले की मग तो पाहुणा ठरला.

सुरतेचा माझा चुलतभाऊ नाना याला यातलं काही माहीत नव्हतं. आयोवाचा निकाल मी सांगितला तर त्यानं एकच विचारलं, “त्याच्या वॉर्डात आपली मतं किती व्हती?”

नाना दहावी नापास होऊन उधन्याला गेला, लूमवर लागला. एका खोलीत आठ जण, पाळीपाळीनं झोपायचे. गुणवत्तेचं म्हणाल तर सगळेच नापास. ‘बाहेरचे’ हे त्यांनीही ऐकलं. पण रेशनकार्ड झालं, यादीत नाव चढलं, नळासाठी नगरसेवकाच्या दारात बसले, गणपती बसवला, पोरं महापालिकेच्या मराठी शाळेत घातली. सुरतेतले लिंबायत, उधना हे भाग नवसारी लोकसभा मतदारसंघात येतात. तिथून जळगाव जिल्ह्यातल्या पिंप्री अकराऊतचे सी. आर. पाटील २००९ पासून निवडून येतात, २०१९ ला तर ६ लाख ८९ हजारांवर मताधिक्य, त्या निवडणुकीत देशात सर्वांत जास्त. सुरतेत पोलीस शिपाई असलेला माणूस २०२० मध्ये गुजरात भाजपचा अध्यक्ष झाला. त्यांचं राजकारण मला पटतं असं नाही. पण त्या मतांत आमच्याकडून गेलेल्यांचा वाटा आहे आणि नानाला तो पक्का ठाऊक आहे.

आणि याच आमच्या ग्रुपवर ‘जळगावातून परप्रांतीयांचे गाडे हटवा’ हा मेसेजही फिरतो. सुरतेहूनसुद्धा अंगठे येतात त्याला. रावेर-सावद्याकडे केळी कापायला मध्य प्रदेशातून टोळ्या आल्या नाहीत तर घड झाडावरच पिकतील, हे ज्यांना माहीत आहे तेही अंगठा देतात. दोन वर्षांपूर्वी मीही एकदा दिला होता.

फेब्रुवारी २०२५ मध्ये रामस्वामीनं ओहायोच्या गव्हर्नरपदासाठी उभं राहायचं जाहीर केलं, तेव्हा ग्रुपवर पुन्हा “आपला पोऱ्या” सुरू झालं. मी काही लिहिलं नाही.

भाचा त्या अमावस्येनंतर मंगळवारी गेला. निघताना नानाचा व्हिडिओ कॉल आला. सगळी हकीकत ऐकून म्हणाला, “येडा व्हयना का तू? इकडे ये लिंबायतले. महिनाभरात नाव चढाडी देस यादीत.” अक्का हसली, मग म्हणाली, “खरंच देशील का रे?”